नशा माणसाची, व्याख्या गाडीची

शहराकडून खुलताबाद-वेरूळकडे जाताना दौलताबादला रस्ता एका जुन्या वेशीतून जातो. लोक तिला दिल्ली दरवाजा, नाहीतर सरळ दिल्ली गेट म्हणतात. हत्ती-घोड्यांच्या हिशेबाने बांधलेल्या या कमानीत एक बस शिरली की समोरच्याला थांबावेच लागते आणि सुट्टीच्या दिवशी मागे लांबच लांब रांग लागते. दुचाकीवाले तेवढे कडेकडेने निसटतात. समजा, एखाद्या संध्याकाळी असेच तिघे निसटले. तिघेही एकाच ठिकाणी बसून, सारखीच घेऊन निघालेले. एक मोटारसायकलवर, दुसरा बॅटरीच्या बारक्या गाडीवर, तिसरा सायकलवर. कमानीपलीकडे नाकाबंदी आहे. पहिल्याच्या तोंडाला पोलीस नळी लावतील. दुसऱ्याच्या तोंडाला लावायची की नाही, हे त्याच्या गाडीची मोटार किती वॅटची आहे यावर ठरेल. तिसऱ्याला त्या नळीत फुंकायला लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने पोलिसाला दिलेलाच नाही.

आपल्याकडे ज्याला ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणतात ती केस मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ खाली होते. मूळ कायद्यात रक्तात मद्याचा अंश सापडला, मग तो कितीही थोडा असो, की गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने मर्यादा आली: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे, जर्मनीत मोटारवाल्याला ५०. म्हणजे आकड्यापुरते आपण पुष्कळ कडक. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या खेपेचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला, कैद सहा महिन्यांपर्यंत. पुन्हा सापडला तर पंधरा हजार आणि दोन वर्षांपर्यंत. हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणूस सोडून द्यावा लागतो. दौलताबादहून घाटी रुग्णालय पंधरा-एक किलोमीटरवर. एरवी दोन तास भरपूर झाले. पण रविवारी संध्याकाळी वेरूळची सगळी गर्दी मिटमिटा-पडेगाव मार्गे शहरात परतत असते तेव्हा हे दोन तास किती पुरतात, ते त्या रांगेत अडकलेल्यालाच विचारावे.

या सगळ्या कलमांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘मोटार वाहन’. कलम १८५ मोटार वाहन चालवणाऱ्यासाठी आणि नळीत फुंकायला लावणारे कलम २०३ सुद्धा त्याच्याचसाठी. कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारे, रस्त्यावर वापरायला योग्य असे वाहन. पायाने चालणारी सायकल त्यात बसत नाही. बैलगाडीही नाही. बाजारहून परतताना गाडीवान झोपला तरी बैल त्याला दारात आणून सोडतो, हे आपल्या खेड्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. सायकलला ती अक्कल नाही, पण कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच गोठ्यात.

सायकल पोलिसांच्या नजरेबाहेर गेली ती अलीकडे. एकेकाळी ती चांगलीच नजरेत होती. म्युनिसिपालटीचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट कुणाला बसवले की शिट्टी वाजायची. १९५१ चा पोलीस कायदा, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, वाहनाची व्याख्या करताना सायकल आणि तीनचाकी सायकल नावानिशी घेतो. तो जहाज आणि विमानही घेतो, म्हणजे कल्पनाशक्ती कमी नव्हती. मोटारी वाढल्या, दंडाची पुस्तके मोटारींसाठी छापली गेली आणि सायकलवाला मोकळा झाला. नियम मात्र कुणी रद्द केले नाहीत. फक्त वाचणारे उरले नाहीत.

तर मग प्यालेला सायकलवाला महाराष्ट्रात मोकळा आहे का? नाही. त्याला पकडणारा कायदा आहे, पण तो रस्त्याचा नाही, दारूचा आहे.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाच्या त्या काळात मुंबई प्रांत पूर्ण कोरडा करायचे ठरले होते. दौलताबाद तेव्हा त्या प्रांतात नव्हते. इथे हैदराबाद राज्य होते आणि निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे खाते होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि त्यानंतर हा कायदा इकडे आला. पुढे बंदी ढिली झाली, दुकाने उघडली, बार आले, पण कायदा गेला नाही. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने जिवंत आहे. त्याच्या कलम ८५ प्रमाणे रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जो नशेत स्वतःला सांभाळू शकत नाही, किंवा नशेत गैरवर्तन करतो, तो गुन्हेगार. आणि तिसरा एक प्रकार आहे, तो खरा मासला: जो नशेत सापडला आणि ज्याच्याकडे पिण्याचा परवाना नाही, तोही गुन्हेगार.

म्हणजे सायकलवाल्याला विचारायचा कायदेशीर प्रश्न तोच आहे, ‘लायसन्स आहे का?’ फक्त लायसन्स चालवण्याचे नाही, पिण्याचे. सायकल चालवायला आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही, प्यायला लागतो. तो एक दिवसाचा मिळतो, विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. वर्षाचा शंभर रुपयांत, जन्माचा हजारात. बिअरला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. देशीच्या दुकानात बाकड्यावर बसून एक ‘संत्रा’ रिचवून सायकलवर टांग मारणाऱ्या माणसाने परवाना मागून घेतला आहे, असे दृश्य मी तरी पाहिलेले नाही. कागदोपत्री हिशेब दुकानदार पुरा करतो. गिऱ्हाइकाच्या खिशात काही नसते.

हा कायदा तपासणीतही लंगडा नाही. कलम १२९-अ प्रमाणे पोलीस संशयिताला डॉक्टरसमोर उभे करू शकतात, रक्त घेऊ शकतात. नमुना शहरातल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. रक्तात मद्य ०.०५ टक्के किंवा जास्त निघाले तर कलम ६६ प्रमाणे ते औषधातून वगैरे आले हे सिद्ध करणे आरोपीवर. ०.०५ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. मोटारसायकलवाल्याला ३०, सायकलवाल्याला ५०: दोन वेगळ्या शतकार्धांतल्या, वेगळ्या हेतूंच्या दोन कायद्यांतून हा फरक नकळत पडला आहे. कुणी विचार करून ठरवला असता तर कदाचित असाच काहीतरी ठरवला असता, ही त्यातली मौज.

पुरावा मात्र पक्का लागतो. तोंडाला वास, अडखळती जीभ, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावर माणूस दारू प्यायला होता असे खात्रीने म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले. तेव्हापासून वासावर भिस्त ठेवून केलेल्या केसेस कोर्टात गळतात. आणि रक्तही वाटेत शाबूत राहावे लागते. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर ससून रुग्णालयात नमुना बदलल्याचा आरोप झाला तेव्हा ‘रक्त घेतले’ आणि ‘तेच रक्त तपासले’ यांतले अंतर सगळ्या राज्याने पाहिले.

याच कायद्याचा रंग जिल्ह्यागणिक बदलतो. वर्धा आणि गडचिरोली हे बंदीचे जिल्हे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. सीमेपलीकडे गोव्यात दारूबंदीचा कायदाच नाही. तेव्हा एकाच मराठी माणसाने एकाच सायकलवर तेवढीच घेऊन गडचिरोलीत, दौलताबादेत आणि म्हापशात फेरी मारली तर तीन निकाल लागतील.

उरला फौजदारी कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिचे कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याविषयी आहे आणि ते ‘कोणतेही वाहन’ म्हणते. मोटारीची अट नाही. सायकलवाला त्यात बसतो, पण प्यालेला म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा चालवत होता म्हणून. सहा महिने किंवा हजार रुपये. कुणाचा जीव गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. आणि कलम ३५५: नशेत सार्वजनिक जागी येऊन लोकांना त्रास देणे. १८६० च्या दंडसंहितेत याला चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड होता. ते दहा रुपये एकशे चौसष्ट वर्षे तसेच राहिले. आता ते हजार झाले आहेत आणि समाजसेवेची शिक्षाही देता येते. दौलताबादचा एखादा सायकलवाला किल्ल्याच्या पायथ्याशी आठवडाभर प्लास्टिक वेचताना दिसला तर मला आनंद होईल. तिथे काम भरपूर आहे.

दारूच्या कायद्याने रस्ता सुरक्षित करण्याचा प्रयोग या गावाच्या इतिहासाला अगदीच परका नाही. १२९६ मध्ये देवगिरी लुटून ज्याने दिल्लीचे तख्त मिळवले, त्या अल्लाउद्दीन खिलजीने पुढे दिल्लीत दारूबंदी केली. इतिहासकार बरनी सांगतो की सुलतानाने आपली सुरेची भांडी फोडली, पिणाऱ्यांना वेशीजवळच्या खड्ड्यांत डांबले, आणि लोक कोसच्या कोस शहराबाहेर जाऊन पिऊ लागले. शेवटी घरात बसून पिणाऱ्याकडे त्याने काणाडोळा केला. बाहेर जाऊन प्यायले की परत यायला रस्ता आलाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये हमरस्त्यापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली, मग लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर केले. तेव्हाही दुकाने आत सरकली आणि गिऱ्हाईक तेवढे अंतर जास्त चालवू लागले.

आता मधला, बॅटरीवाला. खरा घोळ इथे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवरच्या वाहनाची व्याख्या आहे. त्यात एक सवलत आहे: मोटारीची अर्ध्या तासाची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले असेल, तर ते मोटार वाहन समजायचे नाही. पायडल मारताना मदत करणारी मोटार असलेल्या सायकलींनाही तीच सवलत, पण २५ च्या वेगाला किंवा पायडल थांबताच मोटार बंद पडली पाहिजे, आणि पुढे पांढरा, मागे लाल परावर्तक हवा. अशा चाचण्या करणारी देशातली एक प्रमुख संस्था पुण्याची एआरएआय. दुकानाच्या पाटीवर या सगळ्या नियमाचा अर्क तीन शब्दसमूहांत उतरतो: लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेट नको. चौथा अर्थ पाटीवर नसतो, पण निघतो तोच: कलम १८५ पण नको.

प्रमाणपत्र मिळते मॉडेलला. रस्त्यावर येते ती एकेक गाडी. वेगाला घातलेला बांध बहुतेकदा कंट्रोलरमधल्या एखाद्या जोडणीवर किंवा सेटिंगवर असतो, आणि ‘दादा, लॉक काढून देतो’ म्हणणारा कुठेही भेटतो. २५ ची गाडी मग चाळिशी-पंचेचाळिशीला भिडते. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने अशा गाड्यांवर, त्यांच्या विक्रेत्यांवर कारवाईची मोहीम काढायला लावली होती, त्यामागे हेच कारण होते. बांध काढला की सवलत संपली. त्या क्षणी ती गाडी पूर्णपणे मोटार वाहन होते: नोंदणी नाही, विमा नाही, चालवणाऱ्याकडे परवाना नाही, आणि प्यायला असेल तर १८५ सुद्धा. सायकल म्हणून विकत घेतलेल्या वस्तूवर एकदम चार गुन्हे. पण हे कळणार कधी? नाकाबंदीवरच्या हवालदाराला दिसते ती नंबरप्लेट नसलेली गाडी. नोंदणी झालेल्या विजेवरच्या गाडीला हिरवी पाटी असते, ती ओळखू येते. पाटी नसलेली गाडी एकतर पूर्ण कायदेशीर असते, नाहीतर पूर्ण बेकायदा. दोन्ही दिसायला सारख्याच. त्यामुळे व्यवहारात तिला सोडले जाते आणि तिचा खरा वर्ग ठरतो अपघातानंतर, आरटीओच्या तपासणीत.

इथे मी सायकलच्या बाजूने बोलणार आहे. सायकल प्यालेल्याला स्वतःच खाली उतरवते. तोल सांभाळल्याशिवाय आणि पाय मारल्याशिवाय ती चालत नाही. जो खरोखर तर्र आहे तो शंभर पावलांत गटाराशी असतो. पायडल-मदतवाली सायकलही थोडीफार तशीच, पाय थांबले की मोटार थांबते. मूठ पिळून चालणाऱ्या गाडीला मात्र माणूस शुद्धीवर असावा लागत नाही, मूठ पिळलेली असली की झाले. कायदा या दोघींना एकाच सवलतीत बसवतो. वॅट मोजून रेघ ओढली, ती मूठ आणि पायडल यांच्यामध्ये ओढायला हवी होती. एक कबुली द्यायला हवी: खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरताना सायकललाही मोटार लागते, उताराची. तिला कुणी यांत्रिक शक्ती म्हणत नाही, पण वळणावर ती पंचविसाचा नियम पाळत नाही.

आणि हा रस्ता काही मोकळा नसतो. श्रावणात दर शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे पायी खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघतात, बायाबापड्या, लेकरे, अनवाणी पोरे, दौलताबादवरून घाट चढत. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. अशा एखाद्या चालणाऱ्याला मोटारसायकलने उडवले तर तिचा तृतीय पक्ष विमा असतो, निदान असायला हवा, आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लागतो. सवलतीतल्या बॅटरी गाडीने उडवले तर ती मोटार वाहन नाही, म्हणून विम्याची सक्ती नाही, न्यायाधिकरण नाही, पळून गेलेल्या वाहनासाठीची सरकारी भरपाईही नाही. दिवाणी दावा लावा, रोजंदारीवरच्या माणसावर, आणि वाट पाहा. प्यालेल्याला किती दंड व्हावा यावर आपण तावातावाने बोलतो. ज्याचा पाय मोडला त्याच्या खर्चाचे काय, हा प्रश्न कुठल्याच कलमाच्या कडेला दिसत नाही. मला विचाराल तर २५० वॅटच्या गाडीलाही वर्षाचा स्वस्त विमा सक्तीचा करणे ही १८५ च्या व्याख्येत फेरफार करण्याहून जास्त उपयोगाची सुधारणा आहे.

बाहेरच्या जगाने या तिघांना कसे हाताळले, ते थोडक्यात. इंग्लंडात १८७२ च्या मद्यविक्री कायद्यात रस्त्यावर नशेत गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असणे हा गुन्हा ठरवला गेला. जवळजवळ ऐंशी वर्षांनी एक माणूस नशेत सायकल हाताने ढकलत नेताना पकडला गेला आणि न्यायालयाने १९५० च्या सुमारास निर्णय दिला की सायकल हीसुद्धा ‘गाडी’च. आज तिथे नशेत सायकल चालवण्याला वेगळे कलम आहे, हजार पौंडांपर्यंत दंड, पण फुंकायची सक्ती नाही. जर्मनीत सायकलवाल्याची मर्यादा मोटारवाल्यापेक्षा बरीच वर, १.६ प्रति हजार. २५ च्या आतली पायडल-मदत सायकल त्यातच, पण ४५ पर्यंत धावणारी मोटारच समजली जाते. पोलंडने एकेकाळी नशेतल्या सायकलवाल्यांना गुन्हेगार ठरवून तुरुंगात भरले आणि २०१३ मध्ये पाऊल मागे घेऊन दंडावर आणले. जपान उलट दिशेला गेला. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे थोडी घेऊन सायकल चालवली तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येन, आणि ज्याने त्याला दारू पाजली किंवा सायकल दिली तोही अपराधी. चीनला आपल्यासारखाच घोळ भेडसावतो: २५ च्या मर्यादेबाहेरची विजेची सायकल तपासणीत मोटार निघते आणि प्यालेला सायकलस्वार एकाएकी मोटारचालकाच्या शिक्षेला पात्र होतो.

मला यांतला सगळ्यात शहाणा वाटतो तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा. तिथल्या न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की मद्यधुंद चालकाचा कायदा सायकलला लागू नाही. मग विधिमंडळाने वेगळेच कलम केले. पोलीस नशेतल्या सायकलवाल्याला सुरक्षित ठिकाणी पोचवून देऊ शकतो. सायकल धोकादायक वाटली तर ठेवून घेऊ शकतो, आणि ती परत देताना पैसे घ्यायचे नाहीत.

दौलताबाद पोलीस ठाण्यात हे करायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. अनेक ठाण्यांत हवालदार आजही तेच करतात, लेखी न ठेवता: ‘मामा, सायकल इथं राहू द्या, सकाळी या.’ कलम ८५ ची केस केली तर घाटीची फेरी, रक्त, तारीख, वकील आणि वाळूजच्या कंपनीतली दोन-तीन दिवसांची हजेरी बुडते. वर सायकलवाला बायकोच्या शिव्या खातो, ते वेगळेच. ती केस राखून ठेवावी ज्याने कुणाला ठोकले किंवा दंगा केला त्याच्यासाठी. बॅटरीवाल्याच्या बाबतीत मात्र इतके मऊ राहून चालणार नाही. त्याची तपासणी रात्री वेशीजवळ नव्हे, दिवसा दुकानात आणि गॅरेजात व्हायला हवी: ज्या मॉडेलचे प्रमाणपत्र दाखवले तीच मोटार आत आहे का, बांध शाबूत आहे का, आणि तो कुणी काढला. गाडीच्या चेसिसवर प्रमाणपत्राचा क्रमांक ठळक कोरलेला असला तर हवालदाराला मोबाइलवर मिनिटभरात पाहता येईल की समोरची गाडी सायकल आहे की मोटार. नळी बाहेर काढायची की नाही, ते त्यानंतर.